हाडं वापरल्यानं झिजत नाहीत

आमच्या यवतमाळकडे साठी उलटलेल्या बाईला पोरं हमखास सांगतात, "माय, आता वावरात नको जाऊ, हाडं झिजून जातीन." बोलण्यात माया आहे, पण समजूत चुकीची आहे. हाड म्हणजे वखराची लोखंडी पास नव्हे, की जमिनीत चालली आणि झिजली.

मटणातल्या नळीचं टोक उभं चिरून बघा. आत बारीक जाळी दिसते. माणसाच्या मांडीच्या हाडातली अशीच जाळी झुरिकचे अभियंते कार्ल कुलमान यांनी १८६६ च्या सुमारास पाहिली. क्रेनच्या आराखड्यात ताण आणि दाबाच्या रेषा जशा जातात, तशाच या जाळीतल्या रेषा त्यांना दिसल्या! पुढे १८९२ मध्ये जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी मांडलं की भार बदलला की हाडाची रचनाही बदलते.

हे काम हाडात दडलेल्या जिवंत पेशींचं. पाऊल पडलं की हाड अगदी किंचित वाकतं, सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो, पेशींना ते जाणवतं आणि नवं हाड घालायचा निरोप जातो. भारच नसेल तर असलेलं हाडही कमी होतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्का घटतं, ते त्यामुळेच.

गुडघ्यात झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. ते दुखणं डॉक्टरांना दाखवाच. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात हेही खरं, पण खाटेवर बसून ती आणखी लवकर विरळ होतात. धडधाकट मायला बांधापर्यंत चालू द्या, थोडा वेळ कापूस वेचू द्या.