स्कोअरकार्डाच्या मागची बाजू

गोल्फच्या स्कोअरकार्डाची मागची बाजू सहसा कोणी वाचत नाही. तिथे बारीक अक्षरांत सात-आठ ओळी असतात. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे गेलेला चेंडू हद्दीबाहेर, अमुक पट्टा दुरुस्तीखाली, तमुक पायवाटेवर चेंडू थांबला तर विनादंड ड्रॉप, म्हणजे चेंडू उचलून बाजूला सोडायचा आणि जादा फटका मोजायचा नाही. मूळ नियमपुस्तकाला जोडलेली किरकोळ पुरवणी, एवढीच या ओळींची किंमत केली जाते. इतिहास मात्र उलटा आहे. स्थानिक नियम आधी होते. सगळ्यांसाठीचं पुस्तक त्यानंतर दीडशे वर्षांनी आलं.

१७४४ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग शहराने गोल्फच्या स्पर्धेसाठी चांदीचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, बक्षीस ठेवला. खेळ होणार होता जवळच्या लीथच्या माळावर, पाच होलांच्या, म्हणजे चेंडू घालायच्या पाच खळग्यांच्या, मैदानात. रोज आपसांत खेळणाऱ्यांना लिखापढीची गरज नसते. वाद झाला तर तिथल्या तिथे मिटतो. पण ही स्पर्धा बाहेरच्यांसाठीही खुली होती. म्हणून तिथल्या ‘जंटलमन गोल्फर्स’नी १३ कलमं कागदावर उतरवली. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वात जुने लेखी नियम ते हेच. स्पर्धा जिंकली जॉन रॅट्रे या शल्यविशारदाने.

ही कलमं वाचताना माळ डोळ्यांसमोर उभा राहतो. चेंडू माणसाने, घोड्याने किंवा कुत्र्याने अडवला तर जिथे थांबला तिथूनच मारायचा, असं एक कलम आहे. म्हणजे माणसं, घोडे आणि कुत्री त्या माळावर खुशाल फिरत होती. आणि शेवटचं, तेरावं कलम तर त्या जागेखेरीज कुठेच लागू पडलं नसतं. माळाच्या राखणीसाठी केलेले चर, खंदक आणि बांध, तसंच ‘विद्यार्थ्यांची होलं’ आणि ‘शिपायांच्या रेषा’ यांना अडथळा मानायचं नाही. चेंडू बाहेर काढायचा, टी करायचा, म्हणजे छोट्या उंचवट्यावर ठेवायचा, आणि कुठल्याही लोखंडी क्लबने मारायचा. कुठली होलं, कुठल्या रेषा, हे लीथमध्ये खेळणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं.

ही सवलत फार दिवस टिकली नाही. १७५८ मध्ये याच मंडळींनी दुरुस्ती केली: यापुढे चेंडू उचलला की एक फटका गेलाच, अपवाद फक्त विद्यार्थ्यांच्या होलांचा. स्थानिक नियम कसा जन्मतो आणि कसा आक्रसतो, याचा हा पहिला लेखी दाखला. सवलत देणारे आणि तिच्यामुळे खेळ मऊ पडतो म्हणून कुरकुरणारे, दोघेही तेव्हापासून गोल्फरांच्या प्रत्येक क्लबात (मंडळात) आहेत.

१७५४ मध्ये स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज गावच्या गोल्फरांनी लीथची कलमं जवळजवळ जशीच्या तशी उचलली. पुढे क्लब वाढत गेले आणि जो तो आपलं पत्रक काढू लागला. खेळाडू गावोगाव स्पर्धांना जाऊ लागल्यावर मात्र ही गंमत त्रासदायक झाली. १८९७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने नियमांसाठी समिती नेमली, १८९९ मध्ये एकत्रित संहिता आली. अमेरिकेची गोल्फ संघटना आणि सेंट अँड्र्यूजचा क्लब यांचं संयुक्त पुस्तक यायला १९५२ उजाडलं. त्यानंतर क्लबांच्या हाती उरलं ते आपल्या जमिनीपुरतं.

पण जमिनीवर काय येऊन पडेल ते कोणती संहिता सांगणार? १९४० मध्ये लंडनजवळच्या रिचमंड गोल्फ क्लबावर जर्मन बॉम्ब पडत होते, तेव्हा क्लबाने तात्पुरते नियम काढले. गवत कापणारी यंत्रं बिघडू नयेत म्हणून सभासदांनी बॉम्बचे तुकडे वेचावेत. उशिरा फुटणाऱ्या बॉम्बच्या जागा लाल निशाणांनी दाखवल्या आहेत. निशाणं सुरक्षित अंतरावर आहेत, पण खात्री देता येत नाही. स्पर्धेत बॉम्ब पडत असताना आडोसा घेतला तर खेळ थांबवल्याचा दंड नाही. शत्रूच्या कारवाईने हललेला चेंडू पुन्हा जागेवर ठेवता येईल. आणि माझं आवडतं कलम: नेमका फटका मारतानाच बॉम्ब फुटून फटका बिघडला, तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू खेळता येईल, दंड एक फटका. स्फोट शत्रूचा, भुर्दंड खेळाडूला! इथे विनोद आहेच, पण कलमांची रचना अस्सल समितीची आहे.

पूर्वी क्लबांना असं मोकळं लिहिता येत असे. आता तसं नाही. हद्द, दुरुस्तीखालची जमीन, चिखलात चेंडू उचलून पुसून ठेवण्याची मुभा, अशा बाबींसाठी तयार नमुने असतात आणि समितीने त्यांतलेच निवडावेत अशी अपेक्षा असते. खेळाडूंना जड जातो म्हणून मूळ नियमच माफ करणं समितीच्या अधिकारात नाही. खेळ सगळीकडे सारखा राहावा म्हणून हे योग्यच. पत्रकं मात्र बेचव झाली.

बेचव असली तरी ती न वाचणं महागात पडतं. २०१० ची पीजीए चॅम्पियनशिप ही व्यावसायिकांची मोठी स्पर्धा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या व्हिसलिंग स्ट्रेट्स मैदानावर होती. मैदानात हजाराच्या घरात बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे; फटक्याआधी त्यांतल्या वाळूला क्लब टेकवायचा नसतो. त्यांतले कितीतरी दोरांबाहेर, प्रेक्षकांच्या पायाखाली. सूचना लावलेली होती: बंकर म्हणून बांधलेली वाळूची प्रत्येक जागा बंकरच, मग तिच्यात पावलांचे ठसे असोत. गोल्फमध्ये कमी फटके लागलेला जिंकतो; शेवटच्या होलवर अमेरिकेचा डस्टिन जॉन्सन एका फटक्याने पुढे होता. चेंडू उजवीकडे गर्दीत गेला, तुडवलेल्या वाळूत थांबला, आणि जॉन्सनने मारण्याआधी क्लब वाळूला टेकवला. दोन फटक्यांचा दंड. त्या होलवरच्या पाच फटक्यांचे सात झाले आणि प्लेऑफची, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा खेळाची, संधी गेली. सूचनांचा कागद आपण नीट पाहायला हवा होता, असं तो नंतर म्हणाला. दोन वर्षांनी हीच स्पर्धा किआवा बेटावर झाली, तेव्हा स्थानिक नियमाने तिथली सगळी वाळू बंकर नाही असं ठरवलं होतं. तीच कृती तिथे चालली असती.

२०१६ च्या यूएस ओपनमध्ये, ओकमाँट मैदानाच्या पाचव्या ग्रीनवर (होलाभोवतीच्या बारीक गवताच्या जागेवर), याच जॉन्सनचा चेंडू, तो पटिंगच्या, म्हणजे होलाकडे हळूच ढकलण्याच्या, तयारीत असताना किंचित हलला. पंचाने खेळू दिलं, बाराव्या होलाच्या सुरुवातीला दंडाची शक्यता सांगितली आणि फेरी संपल्यावर एक फटका वाढवला. तो तरीही जिंकला, पण निर्णयावर गदारोळ झाला. १ जानेवारी २०१७ पासून ग्रीनवर चेंडू चुकून हलला तर दंड नाही, असा स्थानिक नियम लावण्याची मुभा समित्यांना मिळाली. २०१९ च्या पुस्तकात तो सर्वांसाठीचा नियम होऊन बसला. लीथच्या कलमाशी त्याचा काही संबंध नाही, पण पुस्तकात त्याला जागा मिळाली ती तेराव्या नियमात.