कुणीच बेसूर गात नाही, तरी सूर उतरतो

कॅथलिक चर्चमधे संध्याकाळच्या प्रार्थनेत, म्हणजे व्हेस्पर्समधे, एक लॅटिन गीत गातात, माग्निफिकात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात हे येशूची आई मरिया हिच्या तोंडी आहे, शेवटची स्तुती धरून 12 चरण. सोळाव्या शतकात याला इतक्या जणांनी चाली लावल्यात की बस, म्युनिकच्या दरबारातल्या ओरलांदो दि लासो या संगीतकाराने एकट्याने शंभरेक. बहुतेक वेळा पद्धत अशी की एक चरण जुन्या पारंपरिक चालीत, सगळे एकाच सुरात, आणि पुढचा चरण चार-पाच वेगवेगळ्या चाली एकदम चालू, एकमेकींत गुंतलेल्या, मग परत साधा चरण.

आता गंमत या गुंतलेल्या चरणांत आहे. साथीला वाद्य नसलं की गायक एकमेकांचं ऐकून सूर लावतात आणि कान आपोआप शुद्ध, म्हणजे साध्या गुणोत्तरात बसणाऱ्या स्वरांकडे जातो, सा च्या कंपनांशी पंचम 3:2, गंधार 5:4. तानपुरा छान जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडता जो गंधार ऐकू येतो ना, तोच हा 5:4. आवाजांमधली थरथर जाते, सगळं एकजीव होतं, ऐकताना अंगावर काटा येतो.

पण हिशोब करून बघा. समजा सा 243 हर्ट्झ. तिथून कोमल गंधाराएवढं (6:5) खाली या, 202.5. मग मध्यमाएवढं (4:3) वर, 270. पंचमाएवढं खाली, 180. परत मध्यमाएवढं वर, आलो घरी, पण आकडा येतो 240! प्रत्येक उडी शंभर टक्के शुद्ध आणि तरी सा घसरला. हा 81:80 चा फरक म्हणजे आपल्याकडचे अभ्यासक जिला नाट्यशास्त्रकार भरताची प्रमाणश्रुती, म्हणजे स्वरांतलं छोटं अंतर, म्हणतात तीच. एकदा झालं तर कळणारही नाही, पण ही फिरकी पाच वेळा घेतली की जवळपास अर्धा स्वर खाली. आपल्याकडे हे होत नाही कारण तानपुरा सा धरून बसलेला असतो, इथे मात्र प्रत्येक नवा स्वर आधीच्या स्वराशी मोजायचा.

व्हेनिसचा गणिती जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती याने हे तेव्हाच पकडलं होतं. चिप्रियानो दे रोरे या संगीतकाराला लिहिलेल्या पत्रांत त्याने आकडे मांडून दाखवलं, ती पत्रं 1585 मधे छापली गेली (त्याच्या उदाहरणात सूर चढतो, पण भानगड तीच). आणि याच चिप्रियानोच्या एका प्रेमगीतावरून लासोने एक माग्निफिकात बांधलंय, हे मला फार आवडतं.

चांगले गायक मग काय करतात, तर एखादी उडी घाईघाईत किंचित अशुद्ध घेतात, जिथे कुणाचं लक्ष नसतं तिथे, आणि लांब धरलेले स्वर शुद्ध ठेवतात. पण काही ठिकाणी एकाआड एक चरण ऑर्गनवर (चर्चमधलं नळ्यांचं मोठं वाद्य) वाजवायचे, स्पेनच्या काबेझोन या ऑर्गनवादकाने त्यासाठी खास तुकडे लिहिलेत. ऑर्गनच्या नळ्या काही घसरत नाहीत. म्हणजे गायक 240 वर उतरलेले आणि ऑर्गन 243 वर, दोघे क्षणभर एकत्र आले की सेकंदाला तीन ठोके, वॉव वॉव वॉव, अख्ख्या चर्चला ऐकू जाणार.