हॉलीच का? ड्रॅग रेसिंगच्या कार्ब्युरेटरमागची गोष्ट

1970 सालची शेव्हरोले शेव्हेल एसएस 454 हाती लागली आणि ती क्वार्टर माइलच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ ड्रॅग पट्टीवर पळवायचं ठरलं, की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न निघतो. इंजिनावरचा मूळचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर ठेवायचा, की तो काढून हॉली कंपनीचा बसवायचा? कौल बहुतेकदा हॉलीच्या बाजूने पडतो. कारण विचारलं तर 'हॉली जास्त हवा घेतो' असं सांगतात. पण हे पटत नाही. क्वाड्राजेटची क्षमता साधारण 750 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 750 घनफूट हवा. त्याच वर्षी शेव्हेलच्या सर्वांत दणकट एलएस6 इंजिनावर कंपनीनेच जो हॉली दिला होता, तो 780 सीएफएमचा. फरक एवढासाच. क्वाड्राजेटवाल्या एलएस5 इंजिनाची 360 अश्वशक्ती आणि एलएस6 ची 450 या दरीचं श्रेय एकट्या कार्ब्युरेटरला देणारे हेड, कॅमशाफ्ट आणि कॉम्प्रेशन हे इंजिनांमधले बाकीचे फरक विसरतात.

मग हॉलीच का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कार्ब्युरेटरचं मूळ तत्त्व साधं. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका निमुळत्या गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकाच्या जेटमधून वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. आपल्याकडे आरएक्स 100 च्या मिकुनीचा मेन जेट ज्याने कधी बदलला असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको. गळा मोठा केला की हवा जास्त जाते, पण कमी वेगात तीच हवा मंदावते आणि पेट्रोल नीट खेचत नाही. गळा लहान ठेवला तर गाडी खालून छान उचलते आणि वर गेल्यावर तिचा दम कोंडतो. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या एका पेचातून सुटायची धडपड.

पहिली सुटका कॅलिफोर्नियातल्या हौशी पोरांनी शोधली: एक लहान पडतो ना, मग दोन लावा. फोर्डचं 1932 चं फ्लॅटहेड व्ही8 इंजिन त्यांच्या खिशाला परवडणारं होतं. त्यावर विक एडेलब्रॉकसारखे लोक दोन कार्ब्युरेटर बसतील असे मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून हवा सिलिंडरांकडे नेणारे ओतीव भाग) ओतून विकू लागले. त्यावर बसायचे स्ट्रॉम्बर्ग 97. हा आकडा त्याच्या गळ्याचा, 0.97 इंच. महायुद्ध संपल्यावर कोरड्या तळ्यांवरच्या शर्यती मोकळ्या पडलेल्या विमान-धावपट्ट्यांवर आल्या. 1950 मध्ये सांता आना इथे तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या आणि 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना काढली. अंतर ठरलं पाव मैल, म्हणजे 1320 फूट. या अंतराने कार्ब्युरेटरची परीक्षाच बदलून टाकली. तळ्यावर सर्वोच्च वेग मोजत. इथे थांबलेली गाडी किती लवकर सुटते, याला पहिला मान मिळाला.

डेट्रॉइटच्या कारखान्यांनी दुसरी वाट काढली. 1952 च्या मॉडेलांत ब्यूइक, कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलच्या वरच्या गाड्यांवर चार गळ्यांचे कार्ब्युरेटर आले. रोजच्या चालवण्यात पुढचे दोन गळे उघडे, पेडल दाबलं की मागचे दोन मदतीला येणार. एकाच डब्यात लहान आणि मोठा असे दोन्ही कार्ब्युरेटर. कल्पना इतकी अचूक होती की पुढची चाळीसेक वर्षं अमेरिकन व्ही8 तिच्यावर चालली.

पण बाजाराला एवढ्यावर समाधान कुठलं! पॉन्टियाकने 1957 पासून तीन दोन-गळी कार्ब्युरेटरांची 'ट्राय-पॉवर' जोडणी दिली. 1964 ची जीटीओ, जिला बरेच जण पहिली मसल कार मानतात, एका कार्टर चार-गळी कार्ब्युरेटरवर 325 अश्वशक्तीची होती आणि ट्राय-पॉवरवर 348 ची. मधला कार्ब्युरेटर रोजचा, कडेचे दोन पेडल तळाला टेकलं की उघडणारे. क्रायस्लरचे लोक याहून पुढे गेले. त्यांच्यातल्या काही अभियंत्यांनी 'रॅमचार्जर्स' नावाचा क्लब काढून 1959 मध्ये 1949 सालच्या एका प्लिमथवर प्रयोग केला. मॅनिफोल्ड बॉनेटच्या कितीतरी वर उंच उचललेलं, खाली सिलिंडरांकडे जाणाऱ्या लांब नळ्या. गाडी दिसायला विचित्र होती, पण नळीची लांबी नेमकी साधली तर हवेच्या लाटा स्वतःच सिलिंडर भरायला मदत करतात, हे तिने पट्टीवर दाखवलं. त्याच विचारातून 1962 चं 413 क्यूबिक इंचाचं 'मॅक्स वेज' आलं. दोन कार्टर कार्ब्युरेटर तिरपे, उलटसुलट बसवलेले: डावीकडचा उजव्या सिलिंडरांना हवा पुरवणार, उजवीकडचा डाव्यांना. 1964 मध्ये फोर्डने फेअरलेनमध्ये 427 चं इंजिन कोंबून थंडरबोल्ट बनवली. तिच्यावर दोन हॉली होते आणि त्यांना थंड हवा मिळावी म्हणून आतले दोन हेडलाइट काढून तिथून नळ्या आत नेलेल्या. ज्याने हे सुचवलं, त्याच्या डोक्याला मी तरी दाद देतो.

मग व्यवस्थापन आडवं आलं. जनरल मोटर्सने जानेवारी 1963 मध्ये आपल्या विभागांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं. 1967 च्या मॉडेलपासून कॉर्व्हेट आणि कॉर्व्हेअर सोडून बाकी सगळ्या गाड्यांवर एकाहून जास्त कार्ब्युरेटर बंद केले. ट्राय-पॉवर संपला. 1965 मध्ये आलेल्या रॉचेस्टर क्वाड्राजेटवर मोठी जबाबदारी पडली, आणि मी म्हणेन की ती त्याने चोख निभावली. त्याचे पुढचे दोन गळे इवलेसे, मागचे दोन घमेल्याएवढे. मागच्या गळ्यांवर हवेच्या ओढीने आपोआप उघडणारी झडप, त्यामुळे इंजिनाला जेवढी हवा हवी तेवढीच मिळते. शहरात पेट्रोल वाचवतो, हायवेवर भुंकतो. यंत्र म्हणून तो हॉलीपेक्षा हुशार आहे.

पण पट्टीवर हुशारीपेक्षा वेगळ्याच गोष्टीची किंमत असते. दोन धावांच्या मधल्या वीस मिनिटांत तुम्ही काय बदलू शकता? इथे हॉली जिंकला.

हॉली बंधू, जॉर्ज आणि अर्ल, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचे. सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या मोटारी बनवल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते कार्ब्युरेटरकडे वळले आणि हेन्री फोर्डच्या मॉडेल टीलाही त्यांनी ते पुरवले. त्यांच्या कंपनीचा 4150 हा नमुना 1957 मध्ये फोर्डच्या थंडरबर्डवर आला. ही रेसिंगसाठी बनवलेली वस्तू नव्हती, कारखान्याच्या गाडीचा साधा भाग होता. पण त्याची रचना पाहा. मधे मुख्य अंग, पुढे आणि मागे पेट्रोलच्या दोन वाट्या, प्रत्येक वाटी चार बोल्टांवर. वाटी आणि अंगाच्या मधे एक सपाट धातूचा ठोकळा, त्यात जेट आणि मिश्रण ठरवणाऱ्या बारीक वाटा. चार बोल्ट काढा, वाटी उतरवा, जेट समोर. क्वाड्राजेटमध्ये जेटपर्यंत पोचायला वरचं झाकण, दांड्या, मीटरिंग रॉड असं सगळं उतरवावं लागतं. शिवाय त्याची वाटी लहान, त्यामुळे पूर्ण पेडलवर शेवटच्या दोनतीनशे फुटांत पेट्रोल कमी पडण्याची तक्रार जुनी आहे.

हॉली उघडायलाही किंमत मोजावी लागते. वाटी काढली की तिच्यातलं पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. गॅस्केट फाटतं, तेही नेमकं पुढच्या फेरीची हाक आल्यावर. म्हणून पट्टीवरचे अनुभवी लोक खाली चिंध्या आणि एक पसरट डबा धरतात.

एकदा ठोकळे, जेट, पंप आणि पॉवर व्हॉल्व्ह असे सुटे मिळू लागले की 4150 हे एक कार्ब्युरेटर न राहता कार्ब्युरेटरांचं कुटुंब झालं. साठच्या दशकाच्या शेवटी त्यात 'डबल पंपर' आला. मागचे दोन गळे हवेच्या ओढीची वाट न पाहता थेट दांडीने उघडतात, आणि अचानक आत घुसलेल्या हवेला पेट्रोल कमी पडू नये म्हणून मागच्या बाजूलाही स्वतंत्र अ‍ॅक्सिलरेटर पंप. मॅन्युअल गिअरच्या, हलक्या, आखूड गिअरिंगच्या गाडीवर हा राक्षस आहे. जड, ऑटोमॅटिक गाडीवर तोच गाडीला दम खायला लावतो. इथे व्हॅक्यूमवर उघडणारा हॉली जास्त शहाणा, पण हे ऐकायला कुणी तयार नसतं.

गाडी सुटतानाचा धक्का हा आणखी एक प्रश्न. पुढचं चाक उचललं की वाटीतलं पेट्रोल मागे सरकतं. पुढच्या वाटीत जेट मागच्या भिंतीला असल्याने ते बुडालेले राहतात. मागच्या वाटीत मात्र जेट पुढच्या भिंतीला, म्हणजे पेट्रोल त्यांच्यापासून दूर जातं आणि नेमक्या लॉन्चला इंजिन कोरडं पडतं. उपाय गॅरेजछाप पण पक्का: मागच्या जेटांना छोट्या नळ्या जोडायच्या, म्हणजे ते पेट्रोलच्या मागे मागे जातात. त्यांना वाट मिळावी म्हणून फ्लोटला, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंग्याला, खाच पाडायची.

आकड्यांचा मोह मात्र आजवर सुटलेला नाही. हिशोब असा: इंजिनाचे क्यूबिक इंच गुणिले आरपीएम, भागिले 3456. 454 चं इंजिन 6500 ला फिरवलं तर 854 सीएफएम. खरं इंजिन त्याच्या 85 टक्के भरतं असं धरलं तर 725 च्या आसपास. म्हणजे 750 किंवा 850 चा हॉली पुरतो. जाहिरातीतले आकडे बघताना आणखी एक मेख लक्षात ठेवायची. चार-गळी कार्ब्युरेटर 1.5 इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, दोन-गळी 3 इंचांवर. त्यामुळे डॉजच्या 'सिक्स पॅक'मधल्या तीन दोन-गळी हॉलींची बेरीज जेवढी डोळे दिपवते तेवढी हवा प्रत्यक्षात नसते.

1969 मध्ये हॉलीने 1050 सीएफएमचा 4500, म्हणजे 'डॉमिनेटर', आणला तो नॅसकार या अमेरिकन संघटनेच्या ओव्हल शर्यतींसाठी. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅसकारने मिशिगनच्या शर्यतीपासून कार्ब्युरेटरखाली भोकांची पट्टी घालून हवा रोखायला सुरुवात केली. राक्षसाला घर मिळालं ते ड्रॅग पट्टीवर. 1970 मध्ये एनएचआरएने प्रो स्टॉक हा कारखान्याच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाड्यांचा वर्ग सुरू केला. या वर्गाची पहिली शर्यत, पोमोनातली विंटरनॅशनल्स, बिल 'ग्रम्पी' जेनकिन्स यांनी कमॅरोवर जिंकली. पुढे 1982 पासून या वर्गात 500 क्यूबिक इंचांची मर्यादा आली, आणि 'टनेल रॅम' नावाच्या उंच मॅनिफोल्डवर दोन डॉमिनेटर हेच त्याचं रूप झालं. रॅमचार्जर्सच्या त्या विचित्र प्लिमथची ही नातवंडंच.

कारखान्यांकडचं पान मात्र लवकर उलटलं. 1970 चा क्लीन एअर कायदा, 1971 पासून घटलेलं कॉम्प्रेशन, 1973 ची तेलटंचाई. नव्वदीच्या तोंडाशी अमेरिकन गाड्यांवरून कार्ब्युरेटर जवळपास गेला. नॅसकारने 2012 मध्ये फ्युएल इंजेक्शन आणलं, प्रो स्टॉकने 2016 मध्ये.

आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात, तिथे हिशोब मुख्यतः टर्बो आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा असतो. अमेरिकेत जुन्या शेव्हेलचा मालक मात्र अजून हॉलीचा डबा उघडतो. आणि ज्याला पेट्रोल सांडायचा कंटाळा आलाय, त्याच्यासाठी तीच कंपनी आता इंजेक्शनचं थ्रॉटल बॉडी विकते. त्यात संगणक आहे, सेन्सर आहेत, जेट नाहीत. पण ते दिसतं चार गळ्यांच्या कार्ब्युरेटरसारखं, आणि खाली मॅनिफोल्डवर बसतं 4150 च्याच चार बोल्टांच्या भोकांवर.