काटा सातवर, नकाशात हजार

जुन्या बॉयलरच्या गेजवर काटा ७ वर आहे आणि तबकडीवर 'किलो प्रति चौरस सेंटीमीटर' असे छापले आहे. त्याच दिवशी हवामानाच्या नकाशात तिथल्या हवेचा दाब १००० हेक्टोपास्कल (हवामानशास्त्राचे दाबाचे एकक) दाखवला आहे. आता बॉयलरमधल्या वाफेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगायचा आहे. कोष्टकात १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे ९८०.६६५ हेक्टोपास्कल असे सापडते. सातने गुणले की ६८६५ येतात. गुणाकार बरोबर आहे, तरीही वाफेचा खरा दाब हा नाही.

गेज बाहेरच्या हवेला शून्य मानतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती जास्त आहे, एवढेच तो सांगतो. हवामानशास्त्राचा शून्य मात्र पूर्ण निर्वात पोकळीचा असतो. म्हणून गुणाकारानंतर त्या दिवशीच्या हवेचे १००० मिळवावे लागतात आणि उत्तर ७८६५ हेक्टोपास्कल येते. जुने जर्मन अभियंते हा भेद एककातच लिहून ठेवत: निर्वातापासून मोजलेल्या निरपेक्ष दाबासाठी 'एटीए', बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीच्या दाबासाठी 'एटीयू'. एका अक्षराची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. आजच्या तक्त्यांत नुसते 'बार' हे दाबाचे एकक दिसले की कुठल्या शून्यापासून मोजले आहे, हे शोधत बसावे लागते.

दुसरा सापळा 'ॲटमॉस्फिअर' या शब्दात आहे. समुद्रसपाटीचा प्रमाण दाब, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका, १०१३.२५ हेक्टोपास्कल ठरला आहे. त्याला भौतिक ॲटमॉस्फिअर म्हणतात. अभियंत्यांचा तांत्रिक ॲटमॉस्फिअर वेगळा: एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोचे वजन, म्हणजे ९८०.६६५. या दोघांच्या मध्ये बार उभा आहे, बरोबर १००० वर. कारखान्यात हे तिघे एकमेकांच्या जागी वापरले तरी सहसा काही बिघडत नाही, कारण फरक दोन-तीन टक्क्यांचा आणि साध्या गेजची अचूकताही तेवढीच. हवामानात मात्र भौतिक आणि तांत्रिक ॲटमॉस्फिअरमधले ३३ हेक्टोपास्कल म्हणजे शांत दिवस आणि चक्रीवादळ यांच्यातले अंतर. १९७९ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या 'टिप' चक्रीवादळाच्या केंद्रात ८७० हेक्टोपास्कल इतका दाब नोंदला गेला. समुद्रसपाटीवरचा तो आजवरचा नीचांक आहे. भौतिक ॲटमॉस्फिअरमध्ये मांडला तर तो ०.८६ आणि तांत्रिकमध्ये ०.८९. दोन दशांश स्थळांत एवढे मोठे वादळ जवळजवळ दिसेनासे होते. हवामानशास्त्राने 'बार'चा हजारावा भाग, म्हणजे मिलिबार, जवळ केला. १९७१ मध्ये दाबाच्या एककाला पास्कल हे नाव मिळाले. १०० पास्कल आणि १ मिलिबार तंतोतंत एकच असल्याने पुढे मिलिबारचा हेक्टोपास्कल झाला, तेव्हा जुन्या नोंदींतला एकही आकडा बदलावा लागला नाही.

पाऱ्याच्या मिलिमीटरसाठी एक सोपी युक्ती आहे: हेक्टोपास्कलचे पाऊण करा. १००० चे ७५०. चूक दहा हजारांत एकाहूनही कमी. पण पाऱ्याचा बॅरोमीटर स्वतः मोजतो ती लांबी, दाब नव्हे, आणि तापला की पारा प्रसरण पावतो. ३० अंश सेल्सिअसला पितळी पट्टीवरचे वाचन शून्य अंशाच्या मानाने सुमारे ३.७ मिलिमीटर जास्त येते, म्हणजे जवळजवळ ५ हेक्टोपास्कल. शिवाय विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण थोडे कमी, त्यामुळे तोच दाब तोलायला पाऱ्याचा स्तंभ किंचित उंच लागतो. या दोन दुरुस्त्या न करता पाच दशांश स्थळांपर्यंत रूपांतर करण्याला अर्थ नाही.

विमानातला उंचीमापक म्हणजे मुळात बॅरोमीटरच, आणि तिथे एककांची गल्लत जिवावर बेतू शकते. त्याची जुळणी ज्या दाबावर करायची, तो काही देशांत पाऱ्याच्या इंचांत सांगतात, काही देशांत हेक्टोपास्कलमध्ये. नियंत्रकाने '९९२' हेक्टोपास्कल सांगितले आणि वैमानिकाने इंचांच्या सवयीने ते २९.९२ इंच समजून लावले, तर १०१३ हेक्टोपास्कलची जुळणी होते. २१ हेक्टोपास्कलची चूक, हेक्टोपास्कलमागे सुमारे २७ फूट. काटा दाखवतो त्यापेक्षा विमान साडेपाचशे फुटांहून अधिक खाली असते.

पाण्याच्या स्तंभात दाब मोजण्याची अभियंत्यांची रीत जुनाट वाटते, पण वादळाच्या वेळी तीच सर्वांत बोलकी ठरते. १ हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याचा सुमारे १ सेंटीमीटर स्तंभ. चक्रीवादळाच्या केंद्रात दाब १०१३ वरून ९५० वर उतरला, की वरचा भार हलका झाल्याने खुल्या समुद्राची पातळी तिथे साधारण ६३ सेंटीमीटर वर येते. वारा किनाऱ्याकडे लोटतो ते पाणी याहून निराळे.