स्वस्त म्हणजे नेमकं काय कमी?

सवलतीच्या सुपरमार्केटात शिरल्यावर पहिली डोळ्यांत भरते ती खोकी. माल रॅकवर नीट मांडलेला नसतो. कारखान्यातून ज्या खोक्यात आला, त्याचाच पुढचा पुठ्ठा फाडून तो तसाच ठेवलेला असतो. दिवे साधे, सजावट शून्य, आणि सॉस हवा असेल तर एक किंवा फार तर दोन प्रकार. हे बघून मनात येतंच की दुकान असं, तर मालही असाच असणार. पण त्या फाटक्या पुठ्ठ्याचा बाटलीतल्या सॉसशी काही संबंध नाही. बाटल्या एकेक करून मांडायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो. तेवढा खर्च इथे वाचवलेला असतो, इतकंच.

म्हणून स्वस्त वस्तू हातात घेतली की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही बचत दुकानात झाली आहे की डब्यात? दुकानात झाली असेल तर आपला निव्वळ फायदा. डब्यात झाली असेल तर कमी पैशांत कमी वस्तू मिळते आहे, आणि पुष्कळदा वस्तू पैशांपेक्षा जास्त घटलेली असते.

दुकानातली बचत कशी होते हे जर्मनीतल्या कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी जगाला दाखवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी एसेन शहरातलं आईचं किराणा दुकान चालवायला घेतलं आणि त्यातूनच पुढे आल्डी उभं राहिलं. मोजक्या वस्तू ठेवायच्या, आणि जी खपत नाही ती काढून टाकायची, हा त्यांचा खाक्या. मोठ्या सुपरमार्केटात वस्तूंचे प्रकार दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातात. अशा दुकानात ते साधारण १,५०० ते २,००० असतात. पाकिटाच्या दोन-तीन बाजूंना बारकोड छापलेला असतो, तोही याच हिशेबाने. काउंटरवरच्या माणसाला पाकीट उलटंपालटं करावं लागत नाही, रांग भराभर सरकते.

मोजक्या वस्तू ठेवण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि मला तो सगळ्यात गमतीचा वाटतो. १९६१ साली जॉन लिटल यांनी रांगांविषयीचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला: कुठेही थांबलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी वेळ. हा नियम माणसांच्या रांगेला लागू आहे तसाच रॅकवरच्या पाकिटांनाही. समजा एका दुकानात पावाचा एकच प्रकार आहे, २४० पाकिटं ठेवलेली असतात आणि रोज ८० खपतात. मग एक पाकीट दुकानात सरासरी ३ दिवस राहतं. शेजारच्या झगमगीत दुकानात १२ प्रकार आहेत, प्रत्येकाची ६० पाकिटं, म्हणजे एकूण ७२०. खप मात्र तेवढाच, रोज ८०. इथे सरासरी ९ दिवस झाले. त्या बारांतला जो हौशी प्रकार रोज जेमतेम २ खपतो, त्याचं पाकीट महिनाभर बसून राहील. प्रत्यक्षात पाव एवढे दिवस ठेवत नाहीत, शिळा झाला की टाकून देतात, आणि टाकलेल्या पावाची किंमत विकलेल्या पावावर चढते. बिस्किटं किंवा तेल मात्र खरोखरच तेवढे दिवस पडून असतं. महाग दुकानातली वस्तू ताजी आणि स्वस्तातली शिळी, हा आपला अंदाज इथे चक्क उलटा पडू शकतो.

आता डब्यातली बचत. अन्नातला सर्वांत स्वस्त घटक पाणी, आणि त्याहून स्वस्त हवा. डबाबंद कडधान्यांच्या किंवा फळांच्या डब्यावर पुष्कळदा दोन वजनं छापलेली असतात: एकूण वजन आणि पाणी निथळल्यावरचं वजन. खरेदी दुसऱ्या आकड्यावर करायची. समजा ४०० ग्रॅमचे दोन डबे आहेत. एकाची किंमत १०० नाणी, निथळलेलं वजन २६५ ग्रॅम. दुसरा ९२ नाण्यांना, निथळलेलं वजन २४० ग्रॅम. पहिल्यात १०० ग्रॅम ऐवज ३७.७ नाण्यांना पडतो, दुसऱ्यात ३८.३ नाण्यांना. ८ टक्के स्वस्त दिसणारा डबा प्रत्यक्षात थोडा महागच निघाला.

मांसात पाणी घालायची युक्ती अधिक हुशारीची आहे. फॉस्फेटचे क्षार विरघळवलेलं मिठाचं पाणी मांसात सुयांनी टोचून भरतात. फॉस्फेटमुळे स्नायूंतल्या प्रथिनांची वीण सैलावते आणि तिच्यात जास्त पाणी धरलं जातं. यात विषारी काही नाही, उलट मांस शिजल्यावर मऊ राहतं. पण आपण पाण्याला मांसाचा भाव देत असतो. याची तपासणी घरच्या वजनकाट्यावर होते: शिजवण्याआधी आणि शिजवल्यावर तुकडा तोलायचा. दोन दुकानांतले सारखेच तुकडे सारख्याच पद्धतीने शिजवले आणि एकाचं वजन फारच जास्त घटलं, तर कुठल्या तुकड्यात किती पाणी होतं ते काटाच सांगतो.

हवा विकण्यासाठी आइस्क्रीमइतका सोयीचा पदार्थ नाही, कारण ते पुष्कळदा लिटरने विकतात. हवा लागतेच, तिच्याशिवाय आइस्क्रीम म्हणजे गोड बर्फाची वीट. प्रश्न किती, हा. मूळ मिश्रणाचं १ लिटर साधारण १,१०० ग्रॅम भरतं. त्यात तेवढीच हवा फेटली की १ लिटर आइस्क्रीम ५५० ग्रॅमचं होतं. कमी हवा फेटलेलं ८०० ग्रॅमच्याही वर जातं. म्हणजे एकाच आकाराच्या दोन डब्यांतल्या खाण्याजोग्या ऐवजात जवळपास दीडपट फरक असू शकतो. डब्यावर ग्रॅम छापलेले असतील तर बघा, नसतील तर डबे दोन हातांत घ्या. हातालाही कळतं.

डब्यातली तिसरी बचत घटक बदलण्याची, आणि ती घटकांच्या यादीत पकडता येते. बहुतेक देशांच्या नियमांनुसार या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. फळांच्या जॅममध्ये फळाआधी साखर आली, तर काय जास्त आहे हे वेगळं सांगायला नको. मात्र एक मेख आहे. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी गोडाची तीन नावं वेगवेगळी लिहिली की प्रत्येक नाव यादीत खाली घसरतं आणि पहिला मान दुसऱ्याच घटकाला मिळतो. त्यामुळे एकाच कुळातली नावं मनातल्या मनात एकत्र करूनच यादी वाचावी.

एवढं कागदावरचं झालं. चवीचं काय? इथे आपला सर्वांत अविश्वासू साक्षीदार आपली जीभच आहे. २००८ साली हिल्के प्लासमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून वाइन पाजली. ५ वेगवेगळ्या वाइन आहेत असं सांगितलं, प्रत्यक्षात होत्या ३. त्यांतल्या दोन वाइन दोनदा आल्या, एकदा कमी किंमत सांगून, एकदा जास्त. महाग सांगितलेली तीच वाइन लोकांना जास्त आवडली, आणि सुखाच्या अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भागही तेव्हा जास्त उजळला. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरंच जास्त छान लागली होती. किंमत कळली की आपण ती चाखतोही.

म्हणून चव तपासायची तर डोळे बांधून. अन्नउद्योगात यासाठी त्रिकोणी चाचणी वापरतात आणि ती घरी सहज जमते. तीन सारखे पेले घ्यायचे, दोनांत एक वस्तू, तिसऱ्यात दुसरी. ओतणाऱ्याने चाखणाऱ्याला काही सांगायचं नाही, आणि तापमान सारखं हवं. चाखणाऱ्याने वेगळा पेला कोणता ते ओळखायचं, मग क्रम बदलून पुन्हा. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा जमलं एवढ्यावर उड्या मारायच्या नाहीत. ६ वेळा केलं तर निदान ५ बरोबर हवेत. निव्वळ नशिबाने तेवढं साधण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी आहे. ६ पैकी ४ दणदणीत वाटतात, पण दहात एकदा तेवढे आंधळेपणानेही येतात.

आमच्या घरात दुधाच्या दोन ब्रँडवरून वर्षानुवर्षं चाललेला वाद या चाचणीत २ बरोबर, ४ चूक असा संपला. म्हणजे संपायला हवा होता. चॉकलेटचं मात्र सहाच्या सहा वेळा ओळखता आलं, आणि त्याचं कारण यादीतच होतं. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडाच्या तापमानाच्या जरासं खालीच, झटकन वितळतं. स्वस्त वडीत त्याच्या जागी दुसरं वनस्पती मेद होतं. त्याचा काही भाग तोंडात वितळायला तयारच नव्हता आणि टाळूला मेणासारखा चिकटून बसला. ही बचत डब्यातली, आणि ती जिभेलाही कळली.

जिथे घटक बदलायला वावच नाही, तिथे नावासाठी जास्त पैसे देण्यात काय अर्थ? मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, शुभ्र साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. स्फटिकाला ब्रँड नसतो. २०१५ साली बार्ट ब्रॉननबर्ग आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या खरेदीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की व्यावसायिक शेफ मीठ, साखर अशा वस्तू इतरांपेक्षा जास्त वेळा दुकानाच्या स्वतःच्या लेबलच्या घेतात. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती सहसा कोणी सांगत नाही. औषधांमध्ये नामवंत ब्रँडला दिलेल्या जादा पैशांचा बराच भाग अज्ञानापोटी जातो, पण बहुतेक खाद्यपदार्थांत तो भाग खूपच लहान आहे. म्हणजे ब्रँडचं खाणारे सगळेच भोळे, असं नाही. सॉसच्या पाककृतीत फरक असतो, आणि काहींना तो खरोखर आवडतो.

फ्रोझन भाज्यांना दुय्यम समजण्याची सवय मात्र सोडण्यासारखी आहे. तोडल्यावर काही तासांत वाफ देऊन त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, निष्क्रिय करतात आणि मग भाजी गोठवतात. ताजी म्हणवणारी भाजी तोवर ट्रकमध्ये असते, श्वास घेत, स्वतःचा साठा संपवत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ८ भाज्या-फळांची तुलना झाली. ५ मध्ये क जीवनसत्त्व ताज्या आणि गोठवलेल्या नमुन्यांत सारखंच निघालं, उरलेल्या ३ मध्ये गोठवलेल्यात जास्त. बीटा-कॅरोटिन मात्र काही भाज्यांत गोठवल्यावर बरंच घटलं होतं, तेव्हा एकाच बाजूने ढोल वाजवायला नको. घेताना पिशवी हलवून बघावी. मटार सुटे खळखळले तर ठीक. ढेकूळ झालं असेल तर वाटेत कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठलेले असू शकतात. हळू गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फोडतात, आणि शिजवल्यावर भाजीचा लगदा होतो.

मोठं पाकीट प्रति किलो २५ टक्के स्वस्त पडत असेल आणि त्यातला पाव भाग कुजून टाकावा लागला, तर खाल्लेल्या प्रत्येक घासाची किंमत बरोबर पहिल्याएवढीच होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून.

उरला तारीख जवळ आल्यामुळे किंमत उतरवलेल्या मालाचा कोपरा. छापलेल्या तारखा दोन जातींच्या असतात. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही चवीची आणि पोताची तारीख. त्यानंतर बिस्किट थोडं मऊ पडेल, बाकी काही नाही. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेची तारीख, शिजवलेलं मांस, धुरी दिलेले मासे असल्या वस्तूंवरची. तिच्याशी घासाघीस नको. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो आणि वाढल्याचा पत्ता वासाने लागत नाही.

त्याच कोपऱ्यात चेपलेले डबेही असतात. डब्याच्या पोटावर गुळगुळीत पोचा असेल तर बिनदिक्कत घ्या. कडेच्या दुमडीवर मार लागलेला डबा ठेवून द्या, तिथे डोळ्यांना न दिसणारी फट पडू शकते. कडधान्यं, मांस असले कमी आंबट पदार्थ डब्यात भरल्यावर १२१ अंशांची उष्णता देतात, ती क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे चिवट बीजाणू मारण्यासाठी. उष्णता कमी पडली तर हा जंतू हवा नसलेल्या डब्यात आरामात वाढतो, विष तयार करतो, वायू सोडतो आणि डबा फुगतो. असा डबा उघडायचाही नाही, आणि ‘जरा चाखून बघू’ हे तर मुळीच नाही. त्या विषाला ना चव असते, ना वास.