शेवटच्या कॉर्नरवरचा राग: टीम ऑर्डर आली की पब्लिक नेमकं कशाने भडकतं?

१२ मे २००२, ऑस्ट्रियाची फॉर्म्युला वन रेस, ७१ लॅप्सची. रुबेन्स बारिकेलो पोलपासून, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेपासून पुढे आणि त्याच्या मागे त्याचाच फेरारीतला जोडीदार मायकल शूमाकर. ब्राझीलच्या टीव्हीवर कॉमेंट्री करणारा क्लेबेर माशादो शेवटी शेवटी ओरडत होता, "आज नाही, आज नाही!" कारण वर्षभरापूर्वी याच ट्रॅकवर बारिकेलोने टीमचं ऐकून अगदी शेवटच्या क्षणी दुसरा नंबर शूमाकरला सोडला होता, आणि या वेळी तर पहिला नंबर होता, तो कोण सोडेल. बारिकेलोने फिनिश लाइनच्या जरा अलीकडे गाडी स्लो केली आणि शूमाकर ०.१८२ सेकंदांनी जिंकला. माशादोचा आवाज एकदम खाली आला, "आज हो..." आणि मग स्वतःलाच विचारल्यासारखा तो परत म्हणाला, "आज हो?"

स्टँडमधून हुर्यो सुरू झाली, लोकांनी अंगठे खाली केले. शूमाकरने पोडियमवर बारिकेलोला ओढून वरच्या पायरीवर उभं केलं, ट्रॉफी पण त्याच्याच हातात दिली, पण त्याने कोणाचं समाधान झालं नाही. एफआयएने, म्हणजे रेसिंगच्या जागतिक संस्थेने, पुढे फेरारी आणि दोन्ही ड्रायव्हर्सना मिळून १० लाख डॉलर्सचा दंड लावला, त्यातला अर्धा सस्पेंडेड, म्हणजे पुन्हा चूक केली तरच भरायचा, आणि गंमत म्हणजे तो दंड पोडियमवरची शिस्त मोडली म्हणून होता, कारण टीम ऑर्डर, म्हणजे टीमनेच एका ड्रायव्हरला जोडीदारासाठी जागा सोडायला किंवा त्याच्या मागे राहायला सांगणं, तेव्हा नियमात बसत होती.

आता जरा पॉइंट्स बघा. ऑस्ट्रियाच्या आधी शूमाकरकडे ४४ पॉइंट्स होते, दुसऱ्या नंबरच्या मोंटोयाकडे २३. तेव्हा जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ६ मिळायचे, म्हणजे एवढा सगळा तमाशा शूमाकरला ४ पॉइंट्स जास्त मिळावेत म्हणून. त्या वर्षी त्याने ६ रेसेस शिल्लक असतानाच चॅम्पियनशिप खिशात घातली आणि शेवटी तो १४४ वर आणि दुसरा आलेला बारिकेलो ७७ वर होता. तर सरळ उत्तर वाटतं की काही गरज नव्हती म्हणून लोक चिडले. मलाही हे उत्तर आवडतं, पण ते पुरत नाही. स्टँडमधले लोक मे महिन्यात ओरडत होते, सीझन कसा संपणार हे त्यांना कुठे माहीत होतं! माझं म्हणणं असं आहे की हा राग पॉइंट्सवर ठरतच नाही, तो ठरतो घटना कशी घडली यावर, म्हणजे किती उशिरा, किती उघडपणे आणि कोणाला दिलेला शब्द मोडून. आणि या तिन्हीचं मानसशास्त्र बऱ्यापैकी अभ्यासलेलं आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, टीम ऑर्डर मुळात का येते. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या, दोघांचे पॉइंट्स टीमच्या चॅम्पियनशिपमध्ये एकत्र मोजले जातात आणि पैसा त्या टेबलवर मिळतो, ड्रायव्हर्सच्या टेबलवर नाही. त्यात भर म्हणजे हवा. पुढच्या गाडीने घुसळलेली हवा मागच्या गाडीच्या पंखांवर नीट बसत नाही, गाडी जमिनीला दाबून धरणारा जोर कमी होतो, २०२२ च्या नियमांआधीच्या गाड्यांमध्ये तर अगदी जवळ गेलं की तो जवळजवळ निम्मा व्हायचा. त्यामुळे मागचा खरोखर फास्ट असला तरी ओव्हरटेक होतच नाही, टायर झिजतात, आणि दोघं भांडत बसले की तिसराच पुढे निघून जातो. २०१७ ला कॅनडात फोर्स इंडियाचं हेच झालं, भारताच्या लायसन्सवर धावणारी टीम म्हणून आपण तरी डोळे लावून बसलो होतो. टीमच्या पेरेझने मागच्या जोडीदाराला, ओकॉनला, वाट दिली नाही, पुढचा रिकार्डो हाताला लागला नाही, आणि मागून येऊन फेरारीचा व्हेटेल दोघांना गिळून गेला. त्याच वर्षी बेल्जियममध्ये दोघं एकाच रेसमध्ये दोनदा एकमेकांवर आदळले आणि टीमने सांगून टाकलं की आता यापुढे मोकळं रेसिंग बंद. तेव्हा टीमच्या बाजूने विचार केला तर ऑर्डर देणं वेडेपणा नाही.

मग राग. पहिली गोष्ट, उशीर. १९८२ मध्ये डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक साधी गोष्ट सांगितली. दोन माणसं एकाच गाडीतून एअरपोर्टला निघतात, दोघांची विमानं वेगळी पण वेळ एकच, ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि अर्धा तास उशिरा पोचतात. पहिल्याला कळतं की विमान वेळेवर गेलं. दुसऱ्याला कळतं की त्याचं विमान लेट होतं, आत्ता ५ मिनिटांपूर्वी सुटलं. जास्त कोण हळहळेल? ९६ टक्के लोक म्हणाले दुसरा. दोघांचंही नुकसान सारखंच, विमान चुकलं. पण दुसऱ्याच्या डोक्यात "थोडक्यात मिळालं असतं" हे चित्र तयार करायला काही कष्टच पडत नाहीत. दादरला धावत जिना उतरावा आणि डोळ्यांसमोर लोकल हलावी, तेव्हा जो वैताग येतो तो आधीच गेलेल्या लोकलचा येत नाही.

बारिकेलोची रेस या प्रयोगाचंच टोक आहे. त्याने विसाव्या लॅपला जागा सोडली असती तर पॉइंट्सचा हिशोब तोच राहिला असता, पण बघणाऱ्याच्या डोक्यात बारिकेलो जिंकलेलाच नसता. शेवटच्या सरळ पट्ट्यावर मात्र तो जिंकलेला होता, लोकांनी मनात रेस संपल्याचा झेंडा पाडून टाकला होता, आणि जे हातात आलंय ते काढून घेतलं की माणसाला जास्त लागतं हेही याच दोघांचं काम. बारिकेलोने नंतर सांगितलं की शेवटच्या लॅप्समध्ये रेडिओवर बराच वेळ वाद चालला होता, म्हणजे उशीर झाला तो त्याच्या नकारामुळे. किंवा असंही असेल की त्याला ते सगळ्यांना दिसावं असंच वाटत होतं, मला तर तसंच वाटतं.

दुसरी गोष्ट, उघडपणे करणं. १९९१ च्या एका अभ्यासात स्प्रांका, मिन्स्क आणि बॅरन या तिघांनी टेनिस खेळाडूचं उदाहरण घेतलं होतं. मॅचच्या आदल्या रात्री दोन खेळाडू एकत्र जेवतायत, एकाला माहितीय की दुसऱ्याला एका प्रकारच्या तिखटाची ॲलर्जी आहे. एका गोष्टीत तो स्वतःच ते तिखट असलेलं ड्रेसिंग सुचवतो, दुसऱ्या गोष्टीत समोरचा ते स्वतःहून मागवतो आणि हा गप्प बसतो. हेतू दोन्हीकडे एकच, परिणामही एकच, तरी बऱ्याच लोकांना पहिला माणूस जास्त वाईट वाटला. करणं आणि होऊ देणं यात आपलं मन फरक करतं.

म्हणूनच बघा, टीम ऑर्डरवर बंदी होती त्या काळात, २००३ ते २०१० मध्ये, २००७ ची ब्राझीलची शेवटची रेस झाली, फेरारीचा मासा आपल्या घरच्या ट्रॅकवर पुढे होता आणि पिट स्टॉपच्या, म्हणजे मध्येच थांबून टायर बदलायच्या फेरात त्याचा जोडीदार रायकोनेन त्याच्या पुढे निघाला, रेस जिंकला आणि चॅम्पियन झाला. सगळ्यांना कळलं काय झालं ते. पण कोणी ब्रेक दाबताना दिसलं नाही आणि फारसा आरडाओरडा झाला नाही.

उलट २५ जुलै २०१०, हॉकेनहाइम. तोच मासा, बरोबर वर्षभरापूर्वी हंगेरीत दुसऱ्या गाडीतून उडालेली स्प्रिंग डोक्याला लागून मरता मरता वाचलेला, रेसमध्ये पुढे, मागे जोडीदार फर्नांडो अलोन्सो. रेडिओवर त्याचा इंजिनिअर रॉब स्मेडली शब्द तोडत तोडत बोलतो, फर्नांडो... तुझ्यापेक्षा... फास्ट आहे, मेसेज समजला का ते कन्फर्म कर. आणि मासाने जागा सोडल्यावर परत तोच आवाज, सॉरी म्हणत. २००२ मध्ये टीमचा रेडिओ असा लाइव्ह जगभर ऐकू येत नव्हता, इथे मात्र आख्ख्या जगाने एका माणसाला न पटणारं काम करताना ऐकलं. फेरारीला १ लाख डॉलर्स दंड झाला, निकाल तसाच राहिला. पण "फास्ट आहे" हे वाक्य नियमात कसं पकडणार? २०११ पासून बंदीच उठवली. नियम बनवणाऱ्यांनी ऑर्डर बंद करायचा प्रयत्न केला, बंद झालं ते फक्त सरळ बोलणं.

आता तिसरी गोष्ट, आणि इथे प्रकरण खरं इंटरेस्टिंग होतं. वर सांगितलेल्यावरून वाटेल की लोकांना ड्रायव्हरने ऑर्डर ऐकलेली आवडत नाही. मग २०१३ ची मलेशियाची रेस घ्या. २४ मार्च, सेपांग, एकाच दुपारी दोन टीम्सनी जवळजवळ सारखीच ऑर्डर दिली, कोणी मुद्दाम मांडावा असा प्रयोग. रेड बुलने कोडमध्ये सांगितलं, मल्टी २१, म्हणजे २ नंबरची गाडी १ नंबरच्या पुढे राहणार, म्हणजे वेबर पुढे, व्हेटेल मागे, इंजिन जपा. व्हेटेलने ऐकलं नाही, ओव्हरटेक केलं, जिंकला. मर्सिडीजने रोझबर्गला सांगितलं हॅमिल्टनच्या मागेच राहा, रोझबर्ग फास्ट होता, रेडिओवर विनवत होता, पण राहिला. चौथा आला.

लोक कोणावर चिडले? ज्याने रेसिंग केलं त्याच्यावर! व्हेटेलला त्या वर्षी पोडियमवर पुन्हा पुन्हा हुर्यो ऐकावी लागली, त्याला बाकीचीही कारणं होती, सतत एकच माणूस जिंकला की पब्लिक तसंही कंटाळतं, पण सेपांगचा डाग त्यात होताच. रोझबर्गला सहानुभूती मिळाली आणि हॅमिल्टनने तर पोडियमवरच सांगून टाकलं की खरं तर इथे निको असायला हवा होता. ऑस्ट्रियात आज्ञाधारकपणावर राग आणि मलेशियात आज्ञा मोडल्यावर राग. लोक ढोंगी आहेत का? मला नाही वाटत. वेबरने इंजिनचा जोर कमी केला होता कारण त्याला वाटलं शर्यत संपली, दोघांचं ठरलंय. व्हेटेलने ओव्हरटेक केलं ते लढायला तयार नसलेल्या माणसाला. प्रेक्षक रेसिंग मागतात हे खरं, पण त्याआधी ते बघतात की दोघांना एकच नियम माहीत होता का. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये कोर्टातल्या वादांवर काम करताना हेच दाखवलं होतं, निकाल विरोधात गेला तरी माणूस तो पचवतो, जर पद्धत सरळ असेल आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं असेल.

आणि आपखुशीने सोडलं तर? १९५६ ची मोंझाची रेस, फेरारीच्या फँजिओची गाडी बिघडली, त्याच टीमच्या मुसोने आपली गाडी द्यायला नकार दिला, आणि तिसरा जोडीदार पीटर कॉलिन्स, ज्याला स्वतःलाच चॅम्पियन व्हायची संधी होती, टायरसाठी पिटमध्ये आला आणि गाडीतून उतरून फँजिओला बसवलं. फँजिओ दुसरा आला आणि चॅम्पियन झाला. फायदा टीमच्याच मोठ्या ड्रायव्हरला झाला, बारिकेलोच्या वेळेसारखाच. पण कॉलिन्सचं नाव आजही आदराने घेतात, कारण गाडी त्याने दिली, कोणी काढून घेतली नाही.

बाकी आपण कोणीच निःपक्ष न्यायाधीश नसतो हेही आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या कॉलेजांची फुटबॉल मॅच बरीच मारामारीची झाली, नंतर हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना तीच फिल्म दाखवली. डार्टमथच्या पोरांना आपल्या टीमचे जेवढे फाउल दिसले, प्रिन्स्टनच्या पोरांना त्याच टीमचे त्याच्या दुपटीहून जास्त दिसले. फिल्म एकच.

२०२५ ची मोंझा बघताना हे आठवतं. मॅक्लारेनने पियास्त्रीला आधी पिटमध्ये घेतलं, मग पुढे असलेल्या जोडीदाराच्या, नॉरिसच्या स्टॉपला चाक अडकलं, ५.९ सेकंद गेले आणि तो मागे पडला, मग पियास्त्रीला सांगितलं जागा परत दे. त्याने रेडिओवर मुद्दा काढला की स्लो स्टॉप हा रेसिंगचाच भाग आहे असं आपलं ठरलं होतं ना, आणि तरी जागा दिली. पुढे जिंकत चाललेल्या व्हर्स्टापेनला हे कळलं तेव्हा तो हसला. मला पियास्त्रीचा मुद्दा बरोबर वाटतो, माझे नॉरिसवाले दोस्त अर्थातच मानत नाहीत, त्यांच्या मते आधी पिटमध्ये जायची बारी नॉरिसची होती आणि ती त्याने टीमसाठी सोडली. त्या अदलाबदलीत नॉरिसला १५ च्या जागी १८ पॉइंट्स मिळाले. डिसेंबरमध्ये तो ४२३ वर चॅम्पियन झाला, व्हर्स्टापेन ४२१ वर राहिला.