रुग्णवाहिका व रुग्णालयपूर्व आपत्कालीन सेवा

अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अडलेली प्रसूती अशा प्रसंगी रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी त्याच्यावर जागेवर व वाटेत उपचार करणारी व्यवस्था. दूरध्वनी घेणारे नियंत्रण केंद्र, वाहन, त्यातील प्रशिक्षित पथक आणि रुग्ण ताब्यात घेणारा आपत्कालीन विभाग ही तिची प्रमुख अंगे होत.

‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दाचे मूळ ‘चालणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. फ्रेंचमध्ये आरंभी त्याचा अर्थ सैन्याबरोबर फिरणारे रुग्णालय असा होता. ‘वाहन’ हा अर्थ क्रिमियन युद्धाच्या (१८५३–५६) सुमारास रूढ झाला. अशी सेवा प्रथम कोणी सुरू केली हा वाद बराचसा या अर्थबदलातून उद्भवलेला दिसतो. स्पेनची राणी इझाबेला हिच्या सैन्यातील १५ व्या शतकाच्या अखेरच्या शुश्रूषातंबूंना काही लेखक या सेवेचा आरंभ मानतात. परंतु ते तंबू होते आणि जखमींना बहुधा लढाई थांबल्यावरच तेथे आणीत. फ्रेंच शल्यविशारद दॉमिनिक झां लारे (१७६६–१८४२) याने लढाई चालू असतानाच जखमींना उचलणारी हलकी घोडागाडी योजली. तिचे वर्ष १७९२, १७९३ किंवा १७९७ असे निरनिराळे दिले जाते. कल्पना ऱ्हाइन आघाडीवरील, तर पूर्ण पथकरचना १७९७ च्या इटलीतील, असे धरल्यास यातील विसंगती बरीच कमी होते. लारेचा समकालीन फ्रेंच लष्करी शल्यविशारद प्येर फ्रांस्वा पेर्सी याची गाडी लारेच्या गाडीशी एकरूप मानणे मात्र योग्य नव्हे. ती मुख्यतः शल्यविशारदांना जखमींपाशी नेण्यासाठी होती. हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचारांचा क्रम लावण्याची लारेची पद्धत आजच्या अग्रक्रम-निवडीची (ट्रायाज) पूर्वपीठिका समजली जाते.

नागरी सेवेचा आरंभ सामान्यतः सिनसिनाटी (सु. १८६५) व न्यूयॉर्कचे बेलव्ह्यू रुग्णालय (१८६९) येथे मानतात. व्हिएन्नात १८८१ मधील रिंग नाट्यगृहाच्या आगीनंतर स्वयंसेवी बचावसंस्था स्थापन झाली. लंडनमध्ये १९३७ साली ९९९ हा आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. तरीही दीर्घकाळ वाहनाचे काम रुग्णाला पोहोचवण्यापुरतेच होते. बेलफास्ट येथे हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज याने १९६० च्या दशकाच्या मध्यास विद्युत् धक्का देणारे वाहून नेण्याजोगे उपकरण रुग्णाच्या घरी नेले आणि हा क्रम उलटला. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीदाब व विद्युत् धक्का न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटास सु. ७ ते १० टक्क्यांनी घटते. ‘सुवर्ण तास’ (गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास) ही संज्ञा लोकप्रिय असली, तरी नेमक्या साठ मिनिटांना पुराव्याचा भक्कम आधार नाही.

मागणीतील वाढीचे कारण म्हणून वृद्धांच्या वाढत्या संख्येकडे प्रथम बोट दाखवले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. मेलबर्न येथील अभ्यासात लोकसंख्यावाढ व वयोमान हिशेबात घेऊनही वापराचा दर चढताच आढळला. दीर्घकालीन व्याधी, एकटे राहणारे रुग्ण, मानसिक अस्वास्थ्य, रात्री व सुटीच्या दिवशी साधा डॉक्टर न मिळणे ही इतर कारणे सांगितली जातात. ‘अनावश्यक’ हाकेचा दोष रुग्णाला देणे बरोबर नाही; छातीतले दुखणे पित्ताचे की हृदयाचे, हे त्याला घरी बसून कसे कळावे? शिवाय रुग्णालयात खाट रिकामी नसल्यास पथक रुग्णासह दारातच अडकते. अशा वेळी गाड्या वाढवल्या तरी प्रतीक्षा तितकी कमी होत नाही. त्यामुळे दूरध्वनीवरच परिचारिकेचा सल्ला देणे, घरीच उपचार करून रुग्णाला तेथेच ठेवणे, दवाखान्याकडे पाठवणे असे मार्ग अनेक देशांत स्वीकारले गेले आहेत.

मागणीच्या आकड्यांची तुलना जपून करावी लागते. कोठे दूरध्वनी मोजतात, कोठे रवाना झालेली वाहने, तर कोठे पोहोचवलेले रुग्ण. एकाच अपघाताबद्दल दहा जण फोन करतात आणि हृदय बंद पडलेल्या एका रुग्णाकडे दोन गाड्या धावतात.